हुमणीसाठी बांधलेला झोका

मे महिना उतरणीला लागला आणि वळवाची एखादी सर येऊन गेली, की दिवेलागणीला मला घरात बसवत नाही. नोकरी संपली, कृषी सहायक म्हणून मिळालेली बॅग माळ्यावर गेली, पण पाय ऐकत नाहीत. चपला घालते, बॅटरी घेते आणि लोणखेड्याच्या रस्त्याकडेचे कडुनिंब बघत सुटते. झाडाखाली उभं राहायचं, वर उजेड टाकायचा, कान द्यायचा आणि पुढच्या झाडाकडे जायचं. एकदा एका कॉलेजच्या वॉचमनने हटकलं, "बाई, काय दखी ऱ्हायनात? काही हारपनं का?" मी म्हटलं, "भुंगेरे आले का बघतेय." तो जरा लांब सरकून उभा राहिला. घरी आले तर नवरा दारातच. म्हणाला, "झाडेसले सांगी दे, तू रिटायर व्हयनी म्हनीसन."

हसा तुम्ही. पण ज्या बाईने आपली सगळी नोकरी एका किडीच्या मागे धावण्यात घालवली, तिला ती कीड बाहेर पडायच्या वेळी स्वस्थ बसायला सांगणं म्हणजे वरमाईला मांडवात झोपायला सांगण्यासारखं आहे.

कीड म्हणजे हुमणी. ज्यांचा शेतीशी संबंध बाजारातल्या कणसापुरता आहे, त्यांच्यासाठी सांगते. जमिनीत करंगळीएवढी, पांढरी, जाड, अर्धगोल वळून पडलेली एक अळी असते. डोकं तपकिरी. ती मुळं खाते. मक्याची, उसाची, भुईमुगाची, जे वर पेरलं असेल त्याची. वरून पीक हिरवंगार दिसतं, मग जरा पिवळं पडतं. शेतकरी म्हणतो पाणी कमी झालं. पाणी देतो. मग म्हणतो खत कमी झालं. खत देतो. आणि एक दिवस जरा वारा सुटला की हातभर उंचीपेक्षा मोठा झालेला मका लोळण घेतो. ताट धरून उचललं तर सहज हातात येतं, कारण खाली धरून ठेवणारं काही उरलेलंच नसतं.

ही अळी येते कुठून? अळीची आई म्हणजे तपकिरी रंगाचा साधा भुंगेरा. उन्हाळाभर तो जमिनीत गप्प असतो. वळवाचा पाऊस झाला, माती मऊ झाली, की संध्याकाळी अंधार पडता पडता बाहेर निघतो आणि थेट कडुनिंब, बाभूळ नाही तर बोर गाठतो. ज्या निंबाचा पाला आपण धान्यात कीड लागू नये म्हणून घालतो, तोच पाला हा भुंगेरा चवीने खातो. तिथेच त्यांची लग्नं लागतात आणि मादी त्याच झाडाच्या आसपासच्या मातीत अंडी घालते. पुढे पावसाळाभर ती अंडी आणि तुमचा मका एकाच वावरात वाढतात.

म्हणजे हुमणीला धरायचं तर जूनच्या त्या मोजक्या संध्याकाळी, झाडावर. फांद्या हलवायच्या, खाली पडलेले भुंगेरे गोळा करायचे आणि साबणाच्या नाही तर डिझेल टाकलेल्या पाण्यात बुडवायचे. पूर्वी रॉकेल वापरायचो, आता ते रेशनवर दिसतच नाही. इतकं सोपं काम. पण जूनमध्ये वावर रिकामं असतं, कोणाचं काही बिघडलेलं नसतं, मग कोण कशाला झाड हलवेल? आणि ऑगस्टमध्ये मका आडवा झाला की सगळे धावत येतात, तेव्हा माझ्या हातात फारसं काही नसतं. सारंगखेड्याच्या बाजारात घोड्यांना काय कमी आहे, पण वरातीमागून येणारं घोडं बघायचं असेल तर ऑगस्टात हुमणीचं औषध मागायला आलेला शेतकरी बघावा.

आमच्या कामातली खरी तगमग ही होती. ज्या वेळी काम होऊ शकतं त्या वेळी कोणाला गरज वाटत नाही आणि गरज वाटते तेव्हा काम होऊ शकत नाही. मधल्या काळात मी स्कूटीवरून गावोगाव ओरडत हिंडायची. लोक प्रेमाने चहा पाजायचे.

एकदा एक बापू थेट ऑफिसात आले. हातात स्टीलचा डबा. साहेबांच्या टेबलावर ठेवला, झाकण काढलं आणि म्हणाले, "जेवा." आत शेतातल्या मातीसकट वळवळणाऱ्या हुमण्या. आमचे साहेब नवीन होते, शहरातले होते आणि त्यांचं जेवण अजून व्हायचं होतं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. बापूंचा राग बरोबरच होता, फक्त दोन महिने उशिरा आला होता. मी त्यांना जूनमध्ये त्यांच्याच ओट्यावर बसून सांगितलं होतं. त्याची आठवण करून दिली तर म्हणाले, "तवय मी आयकं नही, ते खरं शे. पन तुम्ही जोर दीसन सांगं नही." म्हणजे चूक कोणाची? माझीच!

अलीकडे मक्यावर लष्करी अळी आली आणि आमच्या हुमणीला कोणी विचारेना. लष्करी अळी वर पोंग्यात, कोवळ्या पानांच्या सुरळीत बसते, दिसते, तिचे फोटो निघतात. फोनवर दिवसाला ढीगभर फोटो यायचे, "मॅडम, कोणती फवारणी?" मी लिहायची, "मूळ दाखवा." उत्तर म्हणून आणखी एका पानाचा फोटो यायचा. जमिनीच्या खाली बघायची आपल्याला सवयच नाही.

हे सगळं सांगायचं कारण सुमनचं वावर. गाव तापीकाठचंच आहे, नाव सांगत नाही. तिथल्या लोकांच्या लग्नपत्रिका मला अजून येतात आणि त्या येत राहाव्यात अशी माझी इच्छा आहे.

सुमनचा नवरा सुरतेला कापडाच्या मार्केटात कामाला. शेती दोन भावांची, कारभार मोठ्या भावाच्या हातात. त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं. नानांनी मोठ्या मनाने की कंटाळून, कोण जाणे, एक वावर सुमनच्या स्वाधीन केलं होतं. काय पेरायचं, कधी पेरायचं, कोणाला मजुरीला बोलवायचं, हे सगळं तिने ठरवायचं. तिने मका पेरला आणि ऑगस्टात तो निम्म्याहून अधिक आडवा झाला. पुढच्या पेरणीआधी नाना भरल्या घरात म्हणाले, "एक साल गयं, जाऊ दे. औंदा दखू. पोयालोंग मका हुबा ऱ्हायना त वावर तिनं. नही त मी तठे ऊस लावसू." पोळ्यापर्यंतची मुदत. ऊस लागला म्हणजे सुमन पुन्हा त्याच वावरात निंदायला जाणार, पण नाना सांगतील तेवढंच काम करायला.

ती मला भेटली ती बचत गटाच्या बैठकीत. बैठक संपली तरी उठेना. सगळ्या बाया गेल्यावर म्हणाली, "ताई, मन्हं वावर मातानी निंबना बाजूले शे. गये साल निंबकडलाच मका आगुदर पडना. औंदा बी पडना त वावर गयं." मी विचारलं, नवऱ्याशी बोललीस का? तिने हात झटकला. "त्या फोनवर एकच सांगतस. नाना सांगस तसं कर."

तिने स्वतःच निंबापासून मका पडत गेल्याचं बघून ठेवलं होतं, हे ऐकून मला आनंद झाला आणि लगेच घाम फुटला. कारण तो निंब मी ओळखत होते. गावाची माता त्या निंबाखाली बसलेली. शेंदूर लावलेला दगड, चुन्याने रंगवलेला पार आणि वर एवढा मोठा निंब, की त्याच्या सावलीत वरात उतरावी. त्या निंबाला कुऱ्हाड लागत नाही, काठी लागत नाही. लहान पोरं त्याच्यावर दगड मारत नाहीत. आसपासची बाकीची झाडं रस्ता रुंद झाला तेव्हा गेली. म्हणजे त्या अंगाचा झाडून सगळा भुंगेरा त्या एकाच निंबावर उतरणार आणि अंडी सुमनच्या वावरात घालणार. आणि मातेच्या त्या थानाच्या पूजेचा मान नानांच्या घराण्याकडे.

जूनच्या सुरुवातीला पाऊस झाला. दुसऱ्याच संध्याकाळी मी त्या निंबाखाली जाऊन उभी राहिले. वर असा आवाज येत होता, जसं कोणी तरी लांब बसून पापड खातंय. बॅटरी टाकली. पानापानावर भुंगेरे, जोडीने. आता प्रत्येक संध्याकाळ हातातून चालली होती.

मी नानांना पारावर गाठलं. समोर पाच-सहा जण होते, बाया नेहमीसारख्या लांब भिंतीला टेकून. मी सगळं समजावलं. फवारणीचं मी स्वतःच नको म्हटलं, कारण खाली निंबोळ्या पडतात, शेळ्या खातात, बाया नैवेद्य ठेवतात. फक्त लांब काठ्यांनी फांद्या हलवू द्या, म्हटलं. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हता तो. उन्हाळ्यात त्या निंबाला स्वतःच्या बोअरचं पाणी नळी लावून देणारा माणूस. म्हणाले, "मॅडम, गावनं बाकी कोनतंबी झाड हालवा, मी माणसं देस. मातानी निंबले काठी लागाव नही." मी म्हटलं, नाना, भुंगेरे तर त्याच झाडावर आहेत. ते म्हणाले, "त्या मातानाच जीव शेतस मंग."

मला राग आला. मी जरा जास्तच बोलले. माता तुमच्या घरच्या सुनेचा मका खायला सांगते का, वगैरे. सुमन भिंतीपाशी उभी होती, तिने पदर आणखी पुढे ओढला. नाना उठून गेले. मी पण उठले. झालं, म्हटलं, आणखी एक गाव हातचं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की जायचं नाही. ऑफिसात बसले, माहिती भरली, चार वाजता चहा घेतला, पाच वाजता स्कूटी काढली. मला राहवलंच नाही. जाऊन करणार काय होते, ते मलाही माहीत नव्हतं. पारावर पोचले तर तिथे वादावादी सुरू. नाना एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला त्यांचीच बायको. साठीची, बारीक चणीची बाई. सुमन तिला आक्का म्हणायची आणि पाठोपाठ गावही. मी तिचा आवाज तोवर चहा देताना "घ्या" एवढाच ऐकलेला.

आक्का म्हणत होती, "काठी नही ना? फवारा नही ना? मंग झोका चाली का?"

इथे बाहेरच्यांसाठी थोडं सांगायला हवं. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात. निंबाला झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या मातेच्या निंबालाही दरवर्षी झोका लागायचा आणि त्याला कोणाची ना नव्हती. उलट तिथला झोका मानाचा. गौराईही आखाजीला माहेरी येते असं मानतात. तिची पाठवणी झाली की झोके उतरवायचे. आणखी एक गोष्ट कोणी लिहून ठेवलेली नाही, पण सगळ्यांना माहीत असते. झोका लेकींचा. सुना त्या दिवशी पुरणपोळ्या, सांजोऱ्या करतात. ज्यांना माहेर उरलं आहे त्या माहेरी जाऊन झोका खेळतात, ज्यांना उरलं नाही त्या चुलीपाशी.

नाना म्हणाले, "आखाजी व्हई गयी. गौराई सासरे गयी. आते कसाना झोका?"

आक्का म्हणाली, "गौराई गयी. आम्हीन त आठेच शेतस."

नाना इकडेतिकडे बघायला लागले. मग हळू आवाजात, एखादं लेकरू विचारतं तसं म्हणाले, "आनि माता कोपनी त?"

"माता बी कोनी तरी सूनच शे," आक्का म्हणाली आणि घराकडे चालू लागली. ती नाडा, म्हणजे झोक्याचा जाड दोर, आणायला गेली होती.

त्या संध्याकाळी मी जे पाहिलं ते माझ्या कुठल्याही प्रशिक्षणात नव्हतं. गावच्या सुनांनी निंबाखाली ताडपत्र्या, जुन्या सतरंज्या, फाटक्या साड्या अंथरल्या. जाडजूड नाडे घेऊन आडव्या फांद्यांना तीन झोके बांधले. पहिली आक्का बसली. कासोटा घट्ट केला, नाडे धरले आणि जमिनीला पायाने रेटा दिला. लग्न होऊन या गावात आल्यापासून ती त्या निंबाखालून पाण्याला गेली, शेतात गेली, सासऱ्यांच्या मयतीला गेली, पण झोक्यावर कधी बसली नव्हती. हे तिने मला नंतर सांगितलं, आणि सांगताना हसली. मला हसू आलं नाही.

पहिल्या हेलकाव्याला काहीच झालं नाही. दुसऱ्याला वरून दोन-चार भुंगेरे टपकले. मग दोन तरण्या सुना दुसऱ्या झोक्यावर उभ्या राहिल्या आणि गुडघे वाकवून त्यांनी असा जोर लावला, की फांदी खालीवर व्हायला लागली. आणि मग ताडपत्रीवर ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा तडतड आवाज सुरू झाला. एकीच्या पोलक्यात भुंगेरा शिरला, ती किंचाळली, बाकीच्या हसून हसून खाली बसल्या. सुमन हसत नव्हती. ती ओणवी होऊन दोन्ही हातांनी भुंगेरे ओंजळीने बादलीत लोटत होती, जणू एकही तिच्या वावरात जाऊ द्यायचा नव्हता. कोणी तरी आखाजीचं गाणं सुरू केलं. निम्म्या ओळी कोणालाच आठवेनात, तेव्हा प्रत्येकीने आपापल्या माहेरच्या घातल्या.

नाना लांब, पाराच्या पलीकडे हात मागे बांधून उभे होते. त्यांनी अडवलं नाही आणि जवळही आले नाहीत.

पुढच्या संध्याकाळी बाया वाढल्या. पुरुषांनी आपापल्या बांधावरच्या बाभळी आणि बोरी हलवायच्या असंही ठरलं. "हौ, हौ" म्हणून सगळ्यांनी माना हलवल्या. माना तेवढ्या हलल्या, बाभळी हलल्या नाहीत. नानांच्या उसाच्या बांधावर भुंगेऱ्याने लगडलेल्या बाभळी होत्या. मी दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "मी काय आते झोका खेवू का, मॅडम?" बायांचं काम म्हणून एकदा शिक्का बसला की त्याला हात लावणं किती अवघड जातं, ते बघायचं असेल तर आमच्याकडे या.

मग ती संध्याकाळ आली. वारा सुटला होता. सुमन झोक्यावर होती आणि एकदम कडकन आवाज झाला. फांदी नाड्यासकट खाली. सुमन ताडपत्रीवर आपटली, कोपर सोललं. नाना तीरासारखे आले. आधी त्यांनी सुमनकडे पाहिलं, ती उठून बसलीय हे बघितलं, आणि मग माझ्याकडे वळले. "दखं मॅडम? आते बस."

नाडे उतरले. बाया मुकाट घरी गेल्या. त्या संध्याकाळनंतर निंबाखाली कोणी फिरकेना. आणि वर ती पापड खाल्ल्यासारखी कुरकुर चालूच. मला रात्री झोप लागेना. मी स्वतःला सांगायची, बाई, तुझं काम सांगायचं आहे, निंब तुझा नाही, माता तुझी नाही, मका तुझा नाही. मग पुन्हा उठून पाणी प्यायची. सुमनचा फोन यायचा. "काय करी ऱ्हायनी?" विचारलं तर म्हणायची, "काही नही, बठेल शे." तिला असं नुसतं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

आक्कानेच तो गुंता सोडवला. ती पडलेली फांदी घेऊन नानांपुढे गेली, मोडलेली बाजू त्यांना दाखवली. आतून पोकळ, वाळलेली. म्हणाली, "वायेल फांदी व्हती. मातानी सोता टाकी दिधी. कोनले लागू दिधं नही." मग त्याच फांदीच्या लाकडांवर मातेचा नैवेद्य शिजवला, सगळ्या गावाला वाटला, नानांनाही. नाना जेवले. नैवेद्य खाल्ल्यावर नाही म्हणता येत नाही. झोके पुन्हा बांधले, या वेळी प्रत्येक फांदी आधी ठोकून बघून. मी दुरून बघत होते आणि मनात म्हणत होते, आक्का, तू कृषी खात्यात हवी होतीस.

जून सरला, पेरण्या झाल्या, आणि मग खरा छळ सुरू झाला. कारण काही कळत नाही. भुंगेरे पकडले ते दिसले, पण जे निसटले त्यांनी किती अंडी घातली हे माती सांगत नाही. शेणखतात कालवून आम्ही ती उपयुक्त बुरशीही घातली होती, जी हुमणीला रोग लावते. पण तिला काम करायला ओलावा लागतो आणि जुलैत पावसाने ओढ दिली. मी आठवड्याला जायची, सुमनबरोबर एखादं झाड मुळासकट उकरून बघायची. कधी मुळं पांढरी स्वच्छ, कधी शेजारीच एक हुमणी वळून पडलेली. सुमन ती उचलून बांधावर ठेवायची आणि साळुंक्यांची वाट बघायची. एकदा मी म्हटलं, रोज उकरू नकोस, अशाने हुमणीच्या आधी तूच सगळा मका संपवशील. ती म्हणाली, "ताई, मी उकरत नही. नुसता हात लावी लावी दखस, घट शे का म्हनीसन."

आता तिथे दरवर्षी झोका बांधतात का, असं तुम्ही विचाराल. खरं सांगते, नाही. ज्या वर्षी भुंगेरा फार, त्या वर्षी बांधतात. बाकीच्या वर्षी, ये रे माझ्या मागल्या. दुसऱ्या गावांत मी ही युक्ती सांगून बघितली, तर लोक म्हणाले, आमच्याकडे आखाजीनंतर झोका चालत नाही. एवढी वर्षं ओरडून मी किती गावं हलवली, याचा विचार मी शक्यतो करत नाही. केला की चप्पल घालून बाहेर पडावंसं वाटतं.

पण त्या वर्षीचं सांगायचं राहिलं. पोळा दोन-चार दिवसांवर आला होता. मी सुमनच्या वावरात होते. मका डोक्याच्या वर गेलेला, कणसं भरायला लागलेली. सगळा वाचला असं म्हणणार नाही. निंबाच्या अंगाला एक पट्टा आडवा झाला होता. पण बाकीचं वावर उभं होतं. सुमन त्या पडलेल्या पट्ट्यातच कुदळ घेऊन बसलेली. उभ्या मक्याकडे तिचं लक्षच नव्हतं.

तेवढ्यात बांधावरून नाना आले. हातात उसाचं एक अख्खं बेट, मुळासकट. मुळं म्हणण्यासारखं त्याला काही नव्हतंच. ते आमच्यापुढे टाकलं आणि म्हणाले, "मी नुसतं धरं, आनि हातमा उनं." तो माणूस एकदम थकलेला दिसत होता. त्यांनी मक्यावरून एकदा नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग सुमनला म्हणाले, "वावर तुन्हंच ऱ्हाई. त्यानं आते बोलानं काम नही. पन मन्हा ऊस दखाले चाल."

इतके महिने जिच्यासाठी ती झुरली, ती गोष्ट अशी उसाच्या घाईत, चालता चालता सांगून झाली. मला वाटलं ती रडेल, निदान बसेल तरी. तिने कुदळ खांद्यावर टाकली आणि बांध ओलांडला. नाना तिच्या मागे, मी त्यांच्या मागे.

उसात पिवळी पडलेली बेटं जागोजागी. सुमनने एकाच्या बुडाशी कुदळ मारली आणि माती पालथी केली. हुमण्या अशा निघाल्या, की माझ्याही अंगावर काटा आला. नानांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, औषध?" माझ्या नोकरीतलं सगळ्यात जड वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं, पण ते सुमनने म्हटलं. "नाना, औषधनी येळ गयी. आते हाती येचानं. जेवढ्या निंघतीन तेवढ्या." तिच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. हा ऊस गेला तर काय जातं, हे तिच्याएवढं त्या वावरात कोणालाच माहीत नव्हतं.

ती खाली बसली आणि हुमण्या वेचायला लागली. मीही बसले. नाना उभेच. मग त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत वर ओढला, आमच्या शेजारी उकिडवे बसले आणि एका जाडजूड हुमणीकडे बोट नेऊन मागे घेतलं. पुन्हा नेलं, पुन्हा घेतलं. सगळा जन्म शेतीत गेलेला माणूस, पण ही त्याने कधी हातात धरली नव्हती.

सुमनने मान वर न करता म्हटलं, "धरा, नाना. चावत नही ती."